एकवीस दिवसांनी उघडलेला चाऱ्याचा खड्डा

तारीख १४ आजूर, सन १३३८ फसली. तालुक्याचे ठाणे, जिल्हा बीड.

नाव उत्तरेश्वर वल्द धुळाजी. वय अंदाजे बावीस. शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. धंदा पुण्याकडे दूधशाळेत चारा कापायच्या यंत्रावर मजुरी. मूळ राहणार मौजे हिवरवाडी, तलवाड्याजवळ. हल्ली दोन महिन्यांच्या रजेवर गावी.

समक्ष हजर राहून सांगतो की, बबनराव पाटलांनी माझ्यावर दोन गोष्टींची फिर्याद दिली आहे. माझ्या खड्ड्यातला चारा खाऊन त्यांची गाय मेली, आणि मी त्यांना ढकलले. पहिली खोटी आहे. दुसरी खरी आहे.

दूधशाळेत हिरवी ज्वारी बारीक कापून खड्ड्यात दाबतात आणि उन्हाळ्यात जनावरांना घालतात. मी चार साल ते काम करतो. तिथले मोडीत निघालेले दोन पात्यांचे, हाताने चाक फिरवायचे यंत्र मी आणले. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीचे पैसे भरले, पावती हजर करतो. पाती बीडच्या पाशा लोहाराने लावून दिली.

वडिलांच्या रानातली दोन पांड जमिनीतली ज्वारी कणसात चीक असताना कापली. वडील म्हणाले, "लेका, माणसाच्या तोंडचा घास मातीत घालतुयास व्हय?" मी म्हणालो, "वैशाखात बैलाच्या तोंडात घालीन." तरी चाक त्यांनीच फिरवले.

खड्डा मुरमात, आठ हात खोल, बैल उतरायला एका बाजूने उतार. कापलेला चारा थराथराने टाकला आणि प्रत्येक थरावर मळणीसारखे बैल फिरवले. आत वारा राहिला तर चारा कुजतो. वर पाचट, त्यावर चिखल, त्यावर दीड हात माती. आजूरच्या आदल्या महिन्यात, २० आबानला खड्डा बंद केला. मातीला चीर पडली की आई केशरबाई शेणाने लिंपायची.

९ आजूरला पाटलांची काबरी गाय आमच्या रानात शिरली. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते, ते तिने खाल्ले. त्यात किरळ असते, जनावराला विष होते. हे त्यांचा गुराखी गहिनीनाथ याला मी आधी सांगितले होते. परंतु ज्वारी मी लवकर कापली म्हणून फुटवा आला, हेही खरे आहे. गाय पडली तेव्हा मीच गुळाचे पाणी पाजले. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. तासाभरात गेली. त्या दिवशी खड्डा बंद होता. बंद खड्ड्यातले गाय कशी खाईल, हे फिर्यादीत लिहिलेले नाही.

११ आजूरला मी तलवाड्याच्या बाजारात गेलो होतो. पाटलांनी बंकट कोतवालाकडून खड्ड्यावरची माती काढवली. मी दुपारी आलो तर खड्डा सताड उघडा आणि हे दोघे लिंबाखाली पान खात बसलेले.

मी म्हणालो, "पाटील, झाका ते. वारा लागला की समदं जातंय."

पाटील म्हणाले, "पेव उघडल्यावर हवा जाऊ द्यावी लागती. आत माणूस मरतंय. चार साल पुण्याला शेण काढलंस अन् आमाला पेव शिकवतोस व्हय बे?"

"पेव धान्याचं असतंय. हे पेव न्हाई."

"मग काय हाय? वास बघ, मढं पुरल्यावानी."

वास ताकासारखा आंबूस होता. म्हणजे चारा चांगला मुरत होता. मी खोरे घेतले. पाटील आडवे आले. मी ढकलले. ते मातीच्या ढिगावर पडले, पागोटे खाली पडले. ते मी उचलले नाही. खड्डा झाकला. वरचा हातभर चारा काळा पडला होता, तो फेकून दिला. खालच्याला अजून धोका नाही.

खड्डा उपसून जाळावा अशी पाटलांची मागणी आहे. त्यात दोन बैलांचा आणि म्हशीचा उन्हाळा आहे. जाळला तर वडिलांना बैल विकावे लागतील. म्हणून हुजुरांस सांगतो, चारा मुरायचे पंचेचाळीस दिवस पुरे झाल्यावर पंचांसमक्ष एका कडेने उघडावा. पहिली पाटी आमच्या बैलाला घालीन. बैल दगावला तर द्याल ती शिक्षा घेईन. त्याआधी कोणी माती काढली तर मी पुन्हा आडवा येईन, हेही लिहून घ्यावे. रजा संपली तरी तोवर मी जाणार नाही. नोकरी गेली तर गेली.

असा खड्डा पुन्हा खणणार नाही, असे लिहून देण्यास मला सांगण्यात आले. ते देत नाही. पुढच्या साली दोन खणणार आहे.

मोहनराव कारकुनांनी वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "घडल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे" अशी ओळ होती. ती मी बोललो नव्हतो. कारकून म्हणाले, "राहू दे की रे, सायब लवकर सोडतील." मी म्हणालो, "गायीचं वाईट वाटतंय ते लिवा. पाटलाचं न्हाई." ओळ माझ्यासमोर खोडली. आता जे उरले ते माझ्या तोंडचे आणि खरे आहे. अंगठा नको, सही करतो.

उत्तरेश्वर धुळाजी