लाल टोपीचं अस्वल

प्रिंटच्या दुकानात मशीन अडकलं होतं. रांगेत माझ्या पुढे दोन चित्रकार बायका होत्या. एकमेकींना अनोळखी, पण ताटकळून बोलायला लागल्या.

“तुमचं काय काम?”

“काम कसलं डोंबलाचं! नमुना आहे. एक प्रकाशक मुलांचं पुस्तक काढतायत. म्हणाले, आधी एक चित्र फुकट काढून दाखवा, आवडलं तर अख्खं पुस्तक तुमचंच.”

“आणि काढलंत?”

“काढलं ना. वर त्यात दुरुस्ती! मी अस्वलाला हिरवी टोपी घातली, तर म्हणे लाल करा. बाकीच्या पानांशी जुळायला हवी.”

“बाकीची पानं? ती कुठून आली?”

“अय्या, हे मी विचारलंच नाही!”

“तुमचं अस्वल वाट चुकलंय का हो?”

“हो. झाडावर चढून घर शोधतंय. तुम्हाला कसं कळलं?”

“माझं नदीकाठी बसून रडतंय. हे बघा, टोपी लाल.”

“अगं बाई! पण माझं चांगलं गुबगुबीत आहे, तुमचं वाळलंय.”

“वाट चुकल्यावर वाळणारच.”

“आणि मी बसलेय देव पाण्यात घालून, नमुना पसंत पडावा म्हणून!”

“पडला की. सगळ्यांचाच पडला. एकेक पान.”

“शेवटी घरी तरी पोचतं का ते मेलं?”

“कोणाला ठाऊक! ते पान कुणा तिसऱ्याच्याच गळ्यात मारलं असेल.”

“पोचतं,” मी मागून म्हणालो. “आई दार उघडते. तिलाही लाल टोपी घालायला लावली.”