वाचनालयाची शिडी

(भोर, १९५६. वाचनालय बंद करायची वेळ.)

कुंडलिकराव : बनाबाई, आधी खाली उतरा बघू.

बनाबाई : एवढी वरची फळी पुसते की, भाऊ. सभा आटपली न्हवं? तुमी चिटणीस, तुमीच सांगा. ग्रंथपाल म्हणून माझं नाव लागलं?

कुंडलिकराव : शिडीवर असताना नको सांगायला. उतरा हो.

बनाबाई : ही बगा, उतरले.

कुंडलिकराव : मानसिंगचं लागलं.

बनाबाई : अध्यक्षांचा भाचा? त्यो तर हितं कधी फिरकला बी न्हाई!

कुंडलिकराव : तुम्ही त्याला शिकवाल म्हणाले. मदतनीस म्हणून राहून.

बनाबाई : जुने ग्रंथपाल वारल्यापासनं म्याच समदं बगते. पुण्याला ग्रंथपालाच्या वर्गाला तुमीच धाडलंत, पास बी झाले. मग नडलं कुठं?

कुंडलिकराव : माझ्या जिभेनं घात केला. तुमचं कौतुक करायला गेलो. म्हटलं, बाई इतक्या कामसू, वरचं पुस्तक कुणी मागितलं की तडक शिडी चढतात.

बनाबाई : मग? खोटं हाय का त्यात?

कुंडलिकराव : एकजण म्हणाला, 'लुगडं नेसून? खाली माणसं वाचत बसलेली असताना?' आणि सगळे खो खो हसले.

बनाबाई : पालीला माहेरी गवताचे भारे घिऊन माळ्यावर चढायची, तवा कुणी हसलं न्हाई. आन् तुमी वो, भाऊ?

कुंडलिकराव : मी... सगळे हसले, म्हणून...

बनाबाई : तुमी बी हसलात.

कुंडलिकराव : हसलो. मग मानसिंगसाठी हातही वर केला. मान वर करायची सोय राहिली नाही हो. वाटेल ते बोला मला.

बनाबाई : बोलून माझं काम परत येनार हाय का?

कुंडलिकराव : घरी जायला पाय उचलत नाही. लेक, सगुणा, दारातच उभी असेल.

बनाबाई : लई गुणाची पोर. 'मॅट्रिक झाले की तुमच्यावानी ग्रंथपाल व्हनार, बनाबाई,' म्हनली मला.

कुंडलिकराव : पुण्याला धाडीन, असा शब्द दिलाय मी तिला. आता 'बाईंचं झालं का, बाबा?' म्हणून विचारील. काय सांगू?

बनाबाई : सरका जरा. फळी अर्धीच ऱ्हायलीय.

कुंडलिकराव : शिडी धरू का?

बनाबाई : नगं. आजवर कुणी धरली न्हाई.

कुंडलिकराव : बनाबाई, तिला काय सांगू?

बनाबाई : झालं त्येच सांगा. हसलात, त्ये बी सांगा.