दिराच्या पासवर्डने दिलेली कमांड

जबाब देणार: स्त्री, वय ४६, धंदा नोकरी (दूध डेअरीत टँकर गेटवर कारकून), राहणार डेअरीच्या मागील कामगार वसाहत, वरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व धाकटा दीर असे एकत्र राहतो. पती त्याच डेअरीत फिटर आहेत. दीर डेअरीच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर आहे. सासूबाई वारल्या तेव्हा तो दुसरीत होता. तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. आम्हाला मूलबाळ नाही.

डेअरीत मोठा कॉम्प्युटर एकच असून गेट, प्रयोगशाळा, हिशेब विभाग अशा ठिकाणी त्याचे स्क्रीन बसवलेले आहेत. सगळे एकाच वेळी त्याच्यावर काम करतात. पूर्वी कोणत्याही टेबलावरून कोणाचेही काम रद्द करता येत असे. मागे कोणीतरी आपली छपाई लवकर व्हावी म्हणून पगारपत्रकाचे काम मध्येच बंद केले व पगार लांबले. त्यावरून मॅनेजर साहेबांनी दिराला फैलावर घेतले. नंतर दिराने दुसऱ्याचे काम थांबवण्याच्या कमांड इतर सर्वांसाठी बंद केल्या. त्या आता फक्त ऑपरेटरच्या नावाने व पासवर्डने चालतात. आम्ही दिल्यास 'परवानगी नाही' एवढेच येते. मी त्याला घरी म्हटले, "अरे, गेटवर अडलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" तो म्हणाला, "वहिनी, तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल." त्याचे म्हणणे बरोबर होते.

काल दुपारी दीर दाढ काढण्यासाठी रजा घेऊन दवाखान्यात गेला होता. गेटबाहेर टँकरची रांग होती. चिठ्ठी छापून दिल्याशिवाय मला टँकर आत सोडता येत नाही. हिशेब विभागातले लोक वर्षाचा अहवाल छपाईला लावून जेवायला गेले होते व माझ्या चिठ्ठ्या छपाईच्या रांगेत त्याच्या मागे अडकल्या. ऊन कडक होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. एकाने खिडकीतून डोके आत घालून विचारले, "बाई, दूध घेताय की दही झाल्यावर घेणार?" मॅनेजर साहेब जागेवर नव्हते. म्हणून मी गेटवरच्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला.

तिथल्या मदतनीसाने दिराला फोन दिला. भुलीच्या इंजेक्शनने त्याचे तोंड बधिर होते व बोलणे नीट कळत नव्हते. मी अडचण सांगितली. मग त्याने एकेक अक्षर करून पासवर्ड सांगितला. पासवर्ड 'वैनू' असा होता. लहानपणी तो मला त्या नावाने हाक मारत असे. कॉलेजात गेल्यावर त्याने ते सोडले.

मी ऑपरेटरच्या नावाने कमांड दिली. जे काम थांबवायचे त्याचा नंबर घालायचा राहिला. स्क्रीनवर 'सर्व कामे बंद करायची का?' असे आले. मला वाटले, सर्व म्हणजे हिशेब विभागाची सर्व. मी फोनवर विचारले, "सगळी बंद करू का?" मला 'हो' असे ऐकू आले. तो 'नको' म्हणाला असेही होऊ शकते. हॉर्नच्या आवाजात मला फक्त शेवटचा 'ओ' कळला. मी होकाराचे बटण दाबले.

सगळ्यांचे स्क्रीन गेले. टाकीतले दूध थंड ठेवण्याचे काम त्याच कॉम्प्युटरवर चालते व धोक्याची घंटाही त्याच्यावरच आहे, हे मला नंतर कळले. प्रयोगशाळेच्या बाई काही तासांनी नमुना घ्यायला गेल्या तोवर मोठ्या टाकीतले दूध नासले होते. ते गटारात सोडावे लागले. त्यासाठी पाइप जोडायला माझ्या पतींनाच बोलावले होते.

संध्याकाळी दीर गालाला रुमाल बांधून आला. मॅनेजर साहेबांनी सर्वांसमोर विचारले, "पासवर्ड कोणाला दिलास?" तो म्हणाला, "कोणालाच नाही." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कमांड मी दिल्याचे व पासवर्ड 'वैनू' असल्याचे मी आधीच सांगितले होते. साहेब मला म्हणाले, "हाक मारायचं नाव आहे, म्हणजे तुम्ही ओळखलंत." ऑपरेटरच्या नावाने परवानगीशिवाय शिरल्याबद्दल त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे.

घरी पती म्हणाले, "तो खोटं कशाला बोलेल? गडबडीत तुला भास झाला असेल." दीर न जेवता झोपला. दाढेमुळे असेल. मीही विचार केला की खरेच फोन लागला होता का. आवाज त्याचाच होता का, हेही आठवून पाहिले. आठवावे तितके गोंधळायला होते. हवालदार साहेबांनी चौकशी केल्यावर दवाखान्याचा मदतनीस म्हणाला की पेशंटला फोन आला होता, पण तोंडात कापूस असल्याने तो काय बोलला हे देवालाच ठाऊक.

इथवर जबाब लिहून झाला असता दीर ठाण्यात आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. तो हवालदार साहेबांना म्हणाला, "पासवर्ड मीच दिला. नोकरी जाईल म्हणून घाबरलो." मी त्याला विचारले, "तू हो म्हणालास की नको?" तो म्हणाला, "मला नको म्हणायचं होतं. तोंडातून काय गेलं, मलाच कळलं नाही." मग तो मला म्हणाला, "काही खाल्लंस का?" मी नाही म्हणाले.

माझी दिराविरुद्ध काही तक्रार आहे का, असे विचारले. नाही.

मी सांगितले तसेच हवालदार साहेबांनी लिहून घेतले व मोठ्याने वाचून दाखवले. ते खरे व बरोबर आहे. तक्रारीचे पुढे काय होईल मला माहीत नाही. दीर बाहेर बाकावर बसला आहे. घरी त्याच्याबरोबरच जाणार आहे.