आठवी सुरी

—अगं, बस की, उभी कशाला? कार्यशाळा उद्या दहाला, तू आजच उगवलीस, तर आता सुयांत दोरे ओवू लाग. तीस आहेत. शिकवणार मीच, हो. दारावरचा कागद वाचलास ना? लावाली, झारियाचा कशिदाकार! कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माणसाला एवढं मोठं नाव — हसतेस काय, हस, मलाही हसूच येतं.

तो झगा? बघ, पण लांबून. हात नको. गळ्याखालून खिशावर उतरतात त्या आठ सुऱ्या, भरतकामाची टोकदार पाती — आपल्याकडं ईदेला माणूस आधी सुऱ्या मोजतो, मग सलाम किती वाकून करायचा ते ठरवतो. सात भरल्यात, आठवी नुसती शाईनं आखलेली. मुद्दाम ठेवलीय. उद्या सगळ्यांसमोर भरून दाखवणार म्हणून. मुद्दाम — म्हणजे... हो, मुद्दामच.

मालम गार्बा? माझ्या आत्याचा नवरा. मेलाय, म्हणून बोलतो — जिवंत होता तेव्हा कुठं बोललो? जन्मभर दारच्या खोलीत गालिच्यावर बसून कोलाच्या कडू बिया चघळल्या. कानो शहरापर्यंतची गिऱ्हाइकं यायची, ‘मालम, काय हात आहे तुमचा!’ आणि हा दाढी कुरवाळायचा. हात! त्या हातानं कधी बटण लावलं नाही. आत, भिंतीपलीकडं, आत्या हन्सातू दिवसदिवस मान मोडून भरत बसायची. झगे आतबाहेर मीच न्यायचो, मला ठाऊक. त्या खोलीत ठाण मांडून बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक. पण एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ! बायकांचं काम बाहेर बोलायचं नसतं म्हणे. बाहेर विकायचं मात्र असतं. ढोंगी मेले.

मी? मी वेगळाय. मी तर... म्हणजे झालं असं, म्हातारा गेला, गालिचा तसाच पसरलेला. ही कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या, हाच झगा उचलला, विचारलं, कुणाचा हात? आणि मी — दोरा सुटला बघ तुझा, नीट ओव — मी म्हटलं, माझा. गेलं तोंडातून. म्हणजे गेलं नाही, म्हटलंच. पडदा हलला. आत्या मागंच होती. सुई बाहीला खोचली आणि बाजरीचा फुरा घुसळायला उठली. त्या दिवसापासून आठवी सुरी तशीच. फुरा मात्र रोज येतो मला, दूध जास्त घातलेला, झाकण लावून. झाकण काढत नाही मी.

तू काय आणलंयस? सराव? दाखव. बरंय. बरंच बरंय... थांब. उलट कर. — एकही गाठ नाही. मागून, पुढून सारखंच. कुणी शिकवलं तुला हे? अख्ख्या झारियात एकच बाई असं — कुठल्या गल्लीतली तू?

आत्यानं पाठवलं.

काय म्हणाली? ‘उद्या माझं नाव घेतो का, ऐकून ये’? एवढंच? शिव्या नाही दिल्या? दोन-चार तरी?

मग ये इकडं, लाव हात झग्याला. पालट. शाईच्या रेघेवर भोकं दिसतात? चारदा भरली, चारदा उसवली. येत नाही मला. आखता येतं, बोलता येतं, बसता येतं गालिच्यावर. उद्या सांगणार होतो, अंगठा दुखावलाय. बघ, चिंधीसुद्धा आणलीय गुंडाळायला.

असं बघू नकोस. घेईन की नाव. घेईन म्हणतो ना! अगदी शेवटी. चहा आला की... सगळे उठतात तेव्हा...

पुरे. तीस झाल्या? ठेव तिथं. हा झगा घेऊन जा, तिच्या मांडीवर — नको, राहू दे, उद्या लागेल. जा तू. जा, म्हटलं ना.

आणि उद्या येऊ नकोस.