आय की डबल ई

दिल्लीच्या मेट्रोत कौशल्याबाईंच्या शेजारी मयूर विहारला एक वकीलबाई आणि तिची ज्युनियर येऊन बसल्या. डब्यात मराठी कुणाला कळणार, अशा खात्रीनं दोघी मोबाइलवर कोर्टाचे जुने निकाल शोधत बोलत होत्या.

“मॅम, सुनेच्या बाजूनं एकही निकाल मिळत नाहीये.”

“काय टाकून शोधलंस?”

“स्त्रीधन आणि सासू.”

“इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘स्त्री’ला आय लावलास की डबल ई?”

“आय.”

“निकालांत दोन्ही असतात. टाइप करणाऱ्यानं जे लिहिलं, तेच डेटाबेसमध्ये जातं. आता डबल ई टाक. आणि सासू काढून ‘एन्ट्रस्टमेंट’ घाल. म्हणजे विश्वासानं सोपवणं.”

“अच्छा. बाप रे, आता तर ढीगभर आले.”

“पहिला वाच.”

“दागिने सासूकडे ठेवायला दिले, म्हणून ते सासूचे होत नाहीत. सुनेनं मागितले की परत द्यायचे.”

“बिल्कुल. सेव्ह कर. आपल्या केसमधल्या सासूबाई काय म्हणतात?”

“मी फक्त सांभाळतेय, म्हणतात.”

“सगळ्या तेच म्हणतात.”

कौशल्याबाईंनी पर्समधली लॉकरची किल्ली चाचपली. मग सुनेला फोन लावला.

“तेजश्री, उद्या माझ्याबरोबर बँकेत येशील? नाही गं, झालं काही नाही. तुझंच काम आहे.”

मराठी ऐकताच वकीलबाईनं ज्युनियरला कोपरानं ढोसलं.