शटरपाशी

मी मूळचा खालापूरकडचा, भातशेतीवाल्या घरातला, घरात इंग्रजी कुणाच्या तोंडी नव्हतं, पुस्तकं पाठ करून करून कर्जतला पदवी घेतली आणि शिळफाट्याला रस्त्यावरच्या एका गाळ्यात इंग्रजीचा क्लास काढला, आज केस पिकले तरी तोच गाळा. पाठ केलेलं मला सांगता येतं, पण कुणी ‘असं का’ विचारलं की मी पुस्तकाचं पुढचं पान उलटतो. कुणी विचारायला धजूच नये म्हणून मी शटरची पद्धत काढली. जो चुकेल त्यानं उघड्या शटरपाशी जायचं, रस्त्याकडं तोंड करून आपलं चुकलेलं वाक्य मोठ्यानं म्हणत राहायचं. समोर रिक्षा स्टँड. रिक्षावाले म्हणायचे, गुड मॉर्निंग मॅडम, सोडू का घरी. पोरं हसायची, मीही हसायचो. आणि काय सांगू तुम्हाला, पालक खूश, सर कडक हायेत म्हणून लांबलांबून पोरं आणून घालायचे.

त्यात साजगावची वनिता होती, दहावीची. तिला सारखा ‘असं का’ हा प्रश्न पडायचा. एकदा म्हणाली, सर, ‘ही गोज’मध्ये एस लागतो आणि ‘दे गो’मध्ये नाय लागत, असं का, माणसं वाढली तर तो तिथं लागाय पायजे ना. मला उत्तर येत नव्हतं. येत नाही एवढं म्हणायचं, ते न म्हणता मी म्हणालो, फार शहाणी झालीस, जा, हे रस्त्याला विचार. चूक नसताना उभी केली. तिनं विचारलं, रडत विचारलं. पुढं महिनाभर ती दिसली की रिक्षावाले ओरडायचे, असं का, असं का. वर्गात तिनं परत कधी काही विचारलं नाही.

या जूनमध्ये तीच वनिता आली, कारखान्यात पॅकिंगला असते, सोबत तिची सहावीतली पोरगी. पाया पडली. मी म्हटलं, वनिता, तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं गं. ती हसली. म्हणाली, असू द्या सर, बरंच झालं, कंपनीत तोंड चालवणाऱ्या बायांना पहिलं काढलं, मी राहिली. ही लय इचारते. माझं केलं तसं हिचं पण करा.

पहिल्याच आठवड्यात पोरीनं हात वर केला, सर, असं का. मी तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग शटरकडं वळून बसला. पोरगी उठली आणि जाऊन उभी राहिली. खाली बस बाळा, एवढंच म्हणायचं होतं, जिभेवर आलं होतं. रस्त्याच्या कडेला वनिता थांबलेली, डब्याची पिशवी घेऊन कामाला निघालेली, तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, होऊ द्या म्हणून. एका रिक्षानं हॉर्न वाजवला. आणि मी म्हणालो, मोठ्यानं गं, रस्त्याला ऐकू जाऊ दे.

आता ती पोरगी गप्प असते. वनिता रस्त्यात भेटली की हात जोडते, आणि मी तिला म्हणतो, सुखी राहा.