मुकादमाचा कान

(वैशाख, १९३८. सकाळचे नऊ. कामशेतजवळच्या एका गावात वाजंत्री सोपानचं अंगण. भातगिरणीचा मुकादम हौशीराम नवं पागोटं बांधून उभा आहे. मागोमाग त्याची बायको रतनबाई येते.)

रतनबाई : साडेआठच्या गाडीनं बँड उतरला. लोणावळ्याची अकरा माणसं, लाल डगलेवाली. आन तुमी त्यांस्नी ठेसनावर लिंबाखाली बसवून हितं आलात? घटकाभरात सोमाटण्याचं वऱ्हाड वेशीवर येईल!

हौशीराम : चहा पाजून आलोय. बसू दे. सोपानआबा, काय ते लवकर सांगा. सनई वाजवणार का न्हाई?

सोपान : आबा? तुमच्या थोरल्या पोरीच्या लग्नात मी ‘ए सोप्या’ व्हतो. ‘ए सोप्या, पिपाणी गुंडाळ, बँड ऐकू येत न्हाई.’ दोन वर्सांत माझं येवढं वय झालं व्हय?

हौशीराम : तवा मला कान नव्हता, आबा.

सोपान : व्हते की. चांगले दोन व्हते. भिकबाळी बी व्हती येकात.

रतनबाई : कान कसला, खूळ हाय खूळ. चहाच्या दुकानात पैज मारली, सनई म्हंजी नळीत फुंकायचं, चार दिवसांत येतं. आन तुमी बी लय शाने. गाणं न्हाई, गत न्हाई, येकच सूर धरा म्हनलात.

सोपान : शिकणाऱ्यानं आधी सूरच धरायचा असतो, वैनी. जोडीतला येक वाजवतो. दुसरा मागं उभा राहून नुसता सूर धरतो, न तोडता. दम तोंडानं सोडायचा, नाकानं घ्यायचा. मी बापामागं आठ वर्सं धरला. ह्यांस्नी म्हनलं, ही बिडी जळंस्तवर धरा. अर्ध्या बिडीत डोळे पांढरे.

रतनबाई : तवापास्नं आठ म्हैने झाले. रोज पहाटं गोठ्याचं दार लावून घेत्यात. म्हस आटली माझी.

हौशीराम : म्हस गाभण व्हती.

रतनबाई : तुमी ह्यांचं ऐकलंत न्हवं सगळं, माझं बी येकदा ऐका. आबा, ह्यांस्नी आता कशातच गोडी न्हाई. गिरणीचा भोंगा बेसूर. देवळातली आरती बेसूर. हौसाआत्या मेली तर रडणाऱ्या बायका बेसूर! आन साखरपुड्यात तर कहर केला. नवऱ्या मुलाच्या मामानं कौतुकानं फोनो आणला, तबकडी लावली. समदे माना डोलवत व्हते. हे उठून म्हनले, तुमचं यंत्र हळू फिरतंय, बाई बाप्यागत गातीया.

हौशीराम : फिरतच व्हतं हळू.

रतनबाई : मामा कसा काळानिळा झाला! तितंच बोलला, आमाला वेशीवर बँड पायजे, न्हाईतर गाड्या फिरवू.

हौशीराम : मी गेल्या म्हैन्यात लोणावळ्याला गेलतो, आबा. बँड ठरवायला. ऐकला. हाच बँड, हेच गाणं. थोरलीच्या लग्नात त्याच्यापुढं मी रुमाल उडवून नाचलो. आता ऐकवंना. कारनेट येका रस्त्यानं, क्लारनेट दुसऱ्या, आन मागनं तो ढोलवाला दोघांस्नी हाणतोय, जसं काय बैल चुकलेत.

सोपान : ढोलवाला माझा भाऊ हाय.

हौशीराम : कोण, गेणू?

सोपान : वीस वर्सं माझ्यामागं सूर धरला त्यानं. तुमी थोरलीला बँड आणलात. मग वडगावकरांनी आणला, मग कार्ल्याच्यांनी. आमाला कोण ईचारतंय? गेणूनं लाल डगला चढवला. तुमच्या त्या लिंबाखालच्या अकरांत बसलाय. ओळखला न्हाईत?

हौशीराम : डगल्यात समदे सारखे दिसत्यात.

सोपान : दिसत असतील. चैत्रात घरी आलता. मी वाजवाय बसलो, तर म्हनतो, दादा, तुझी सनई रडतीया रं. दोन वर्सं ढोलाला चिकटून उभा ऱ्हायला, त्याचा बी कान फिरला. तुमचा हिकडं फिरला, त्याचा तिकडं.

हौशीराम : मग तुमी येकटे वाजवा.

सोपान : सुराबिगर? भिंत न घालता छप्पर घालू? आठ म्हैने गोठ्यात बसून हेच शिकलात?

रतनबाई : न्हाई ना जमत? मग मिटलं. चला, बँड आणा. अवो, नवरीला, आपल्या नंदीला तरी येकदा ईचारलंत का?

हौशीराम : तिला काय कळतं त्यातलं?

रतनबाई : ती हळदीच्या अंगानं रडत बसलीया. म्हनती, ताईला बँड, आन मला पिपाणी?

सोपान : आता बोला, मुकादम. लगीन पोरीचं हाय का तुमच्या कानाचं?

हौशीराम : तुमी बी तिच्याच बाजूचे? तुमच्यासाठी भांडतोय मी.

सोपान : माझ्यासाठी? थोरलीच्या येळंला मी पोटासाठी भांडत व्हतो, तवा तुमी पानसुपारी खात व्हता. आता तुमच्या कानात दुखतंय, म्हनून पळत आलात.

हौशीराम : चुकलं म्हनलं की.

सोपान : कवा म्हनलात? मला ऐकू आलं न्हाई. माझा कान चांगला हाय.

हौशीराम : चुकलं. बास?

रतनबाई : गप, गप जरा. ऐका! बँड सुरू झाला. ठेसनावरनं निघाले वाटतं. कुणी सांगितलं त्यांस्नी?

सोपान : बसून कंटाळली असतील. अकरा माणसं कितीदा चहा पितील? … मुकादम, तोंड असं का केलंत?

हौशीराम : कारनेट सुराच्या वर चढलंय. लय चढलंय.

सोपान : पोरीच्या लग्नातलं पहिलं वाजप, आन बापाचं तोंड एरंडेल प्याल्यावानी.

हौशीराम : तुमी केलंत हे. आधी कसलं बी वाजलं तरी पाय उचलायचे माझे. आता गावात समदे खुशाल हसत्यात, आन मी येकटा दात खातो. काय मिळालं मला? येक सूर.

सोपान : आमच्यात तेवढाच मिळतो. पुढलं मिळायला जन्म जातो.

रतनबाई : आबा, मी पाया पडते, ह्यांस्नी घरी घालवा. वऱ्हाडाम्होरं हे असलं तोंड घेऊन उभं ऱ्हायले तर मामा काय समजंल?

सोपान : वैनी, बँड वाजू द्या. पोरीची हौस हाय, घरापतूर वाजू द्या. पर वेशीवरलं पहिलं फुंकणं आमच्या घराचं. माझ्या आज्यापास्नं. थोरलीच्या येळंला ते बी गेलं. ते तेवढं आज मी घेणार. ह्यांच्या कानासाठी न्हाई, सांगून ठेवतो.

हौशीराम : आबा! मग झालं की! बँडला मी वेशीच्या आत थोपवतो.

सोपान : सूर कोण धरंल?

हौशीराम : बघू कोणतरी.

सोपान : तालुक्यात सूर धरणारी दोन माणसं. येक ढोल बडवतोय. दुसरा माझ्याम्होरं उभा हाय.

रतनबाई : अगं बाई!

हौशीराम : मी? मी पोरीचा बाप हाय, आबा. व्याह्याच्या गळाभेटीला म्होरं जायचं मला. वाजंत्र्याच्या मागं गाल फुगवून उभा ऱ्हाऊ?

सोपान : का? गोठ्यात फुगतात न्हवं?

हौशीराम : गोठ्यात कोण बघतं!

सोपान : म्हस.

रतनबाई : चेष्टा नको, आबा. भावकी थुंकंल आमच्या तोंडावर. मामा तर तितल्या तितं गाड्या फिरवंल. मुलीचा बाप वाजंत्री निघाला म्हनत्याल!

सोपान : आमाला रोजच म्हनत्यात, वैनी. मेलो न्हाई अजून.

हौशीराम : दुसरं काय बी सांगा. मांडवात बसवतो तुमाला, पहिल्या पंगतीला.

सोपान : पंगत नको. तुमाला गोड लागतं न्हवं आमचं वाजवणं? मग त्याच्या मागं उभं ऱ्हावा. नुसतं म्होरं बसून माना डोलवणारे लय बघितले.

हौशीराम : … किती वेळ धरावा लागंल?

रतनबाई : अवो!

हौशीराम : ईचारतोय फक्त.

सोपान : गाड्या ओढा चढून वेशीत येस्तवर. दोन बिड्यांचा येळ.

हौशीराम : माझा दीड बिडीच्या वर टिकत न्हाई.

सोपान : म्हाइती हाय. तुमचा गोठा माझ्या परड्याला लागून हाय. रोज ऐकतो.

रतनबाई : धुरळा दिसतोय ओढ्यापल्याड. आल्या गाड्या! मी निघते, ओवाळायचं ताट तयार न्हाई. अवो, तुमी येताय का न्हाई माझ्यासंगं?

हौशीराम : तू हो म्होरं.

सोपान : मी बी निघतो, मुकादम. माझी सनई घेतली. सूर धरायची उंबऱ्यावर ठेवलीया, फुंकायची पत्ती भिजवून.